वाचक विचारतात : लंडनच्या जुन्या पबमध्ये दुपारचे जेवण

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पाच जण आठवडाभरासाठी लंडनला जात आहोत. एका दिवशी सकाळी सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि दुपारनंतर टॉवर ऑफ लंडन पाहायचे ठरले आहे. मधल्या वेळेत एखाद्या शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पबमध्ये जेवावे, अशी यजमानांची फार इच्छा आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, शाकाहारी आणि गुडघ्यांनी बेजार आहेत. ‘गुत्त्यात मी पाय ठेवणार नाही,’ असे त्यांनी आत्ताच बजावले आहे. मुले १२ आणि ९ वर्षांची आहेत. हा बेत सोडून द्यावा का? न सोडल्यास पब कसा निवडावा?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : बेत सोडू नका. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बहुधा कोरेगाव पार्कातला, रात्री अकराला भिंती हादरवणारा पब असावा, आणि तसा तो असेल तर त्यांचा नकार रास्तच आहे. लंडनमधील जुने पब मात्र दुपारी खाणावळीसारखे चालतात. कचेरीतली माणसे येतात, जेवतात आणि कामाला परततात. मोठी माणसे बरोबर असल्यास मुलांना कायद्याची आडकाठी नाही, तरी काही ठिकाणचे नियम अधिक कडक असल्याने आधी विचारून घ्यावे.

निवड करताना पहिला प्रश्न ‘सर्वांत जुना कोणता?’ हा नसावा. पाटीवरचे साल पुष्कळदा त्या जागेवर पहिले मद्यगृह केव्हा होते ते सांगते, तुमच्या डोक्यावरच्या छताचे वय नव्हे. आणि १६६६ च्या आगीत जुन्या शहराचा बहुतेक भाग जळाल्यामुळे तिथले ‘प्राचीन’ पबही बव्हंशी त्यानंतर बांधलेले आहेत. पहिला प्रश्न वाराचा आहे. सेंट पॉल्सभोवतीचा ‘सिटी’ हा भाग कचेऱ्यांचा असल्याने तिथले अनेक पब शनिवार-रविवारी बंद असतात. हे मला ठाऊक नव्हते, तेव्हा एका शनिवारी मी एका सतराव्या शतकातल्या पबच्या कुलूपबंद दारासमोर उभी राहिले आणि शेवटी स्टेशनवरचे गारढोण सँडविच खाऊन पुढे गेले.

तुमच्यासाठी मी टेम्सच्या दक्षिणेकडील, लंडन ब्रिज स्टेशनजवळचे ‘द जॉर्ज इन’ सुचवेन. ही मुळात घोडागाड्यांच्या थांब्याची सराई. १६७६ मध्ये साउथवर्क भागात लागलेल्या आगीनंतर ती पुढच्याच वर्षी नव्याने बांधण्यात आली. चौकाकडे तोंड केलेल्या, लाकडी कठड्यांच्या सज्जांची अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे, आणि तीही पूर्ण नाही : एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीने गोदामांसाठी तिच्या दोन बाजू पाडल्या. पेठेतला वाडा पाडताना एकच सोपा राहून जावा, तसे ते दृश्य दिसते. पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही. आता ही वास्तू ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या मालकीची आहे. उरलेल्या चौकात लाकडी बाके मांडलेली असतात, त्यामुळे सासूबाईंना जिना चढावा लागणार नाही आणि ‘आत’ पाय न ठेवण्याचा त्यांचा शब्दही राहील. सेंट पॉल्सहून मात्र टॅक्सी करावी.

फ्लीट स्ट्रीटवरचा, १६६७ मध्ये पुन्हा बांधलेला ‘ये ओल्ड चेशायर चीज’ अधिक प्रसिद्ध आहे. पण बोळातून प्रवेश, अंधाऱ्या खोल्या आणि तळघराकडे उतरणारे अरुंद जिने हे दुखऱ्या गुडघ्यांचे काम नव्हे. पाऊस लागल्यास सेंट पॉल्सहून जवळचा ‘द ब्लॅकफ्रायर’ पाहावा. इमारत १८७५ ची असली तरी संगमरवरी आणि तांब्याच्या साधूंनी भरलेली तिची आतली सजावट विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, आणि १९६० च्या दशकात पाडली जाण्यापासून ती वाचली ती कवी जॉन बेट्जमन आदींनी केलेल्या विरोधामुळे.

आता जेवण. पदार्थाचे नाव शाकाहारी वाटले तरी चरबीची चौकशी करावी. ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) किंवा पुडिंगच्या पारीत ‘स्यूएट’ म्हणजे बहुधा गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते, भाजलेले बटाटे ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, केलेले असू शकतात आणि चिप्स अनेकदा मासे तळलेल्याच तेलात तळतात. मी एकदा हे विचारले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने एक जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवली. तीत दूध, अंडी, मासे असे अ‍ॅलर्जीचे चौदा घटक प्रत्येक पदार्थापुढे खुणा करून दिलेले होते, कारण तिथल्या कायद्याने ही माहिती द्यावीच लागते. पण गोमांसाची चरबी त्या चौदांत बसत नाही. तेव्हा फाइलवर विसंबू नये, ‘स्यूएट’ आणि ‘ड्रिपिंग’ हे शब्द उच्चारून स्वयंपाकघरात विचारायला सांगावे. सालासकट भाजलेला ‘जॅकेट पोटॅटो’ यादीत असल्यास सासूबाईंसाठी तोच मागवावा. वर चीज हवे असेल तर तेही शाकाहारी आहे का ते विचारावे, कारण काही चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. यजमान पिंपातली पारंपरिक ‘एल’ (एक प्रकारची बिअर) घेणार असतील, तर ती नितळ करायला माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरलेला असू शकतो, हे त्यांच्या कानावर घालावे. सासूबाईंच्या कानावर घालायची गरज नाही.

वेटरची वाट पाहत बसू नये. आधी टेबल धरून त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा, मग एकाने काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यावी आणि बहुधा तिथेच पैसे चुकते करावेत; आपल्याकडे आधी कूपन घेतो तसेच. साधे पाणी मागितल्यास फुकट देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. साडेबारापूर्वी पोहोचावे, कारण एक वाजला की कचेऱ्यांची गर्दी बाके अडवते; आणि मे महिन्यातही तिथे दुपारचा पारा साधारण सतरा-अठरा अंशांवरच असतो, म्हणून चौकात बसायचे असल्यास सासूबाईंची शाल पिशवीत वरच ठेवावी.