जर्सी सिटीत हार्डवूड फ्लोअरचं अपार्टमेंट भाड्याने घेतोय. लीजमध्ये ‘८० टक्के जमीन रगने झाकावी’ अशी अट आहे. काय काय बघावं?

ही अट लाकूड जपण्यासाठी नसते. खालच्या मजल्यावर पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून असते. पण ती पाळताना चुकीचं काही अंथरलं तर लाकूडच खराब होतं आणि डिपॉझिट कापलं जातं. म्हणून आधी त्याबद्दल.

हॉल १२ बाय १५ फुटांचा असेल तर १८० चौरस फुटांचे ८० टक्के म्हणजे १४४. सर्रास मिळणारा ८ बाय १० चा रग फक्त ८० चौरस फूट झाकतो. ९ बाय १२ चा रग आणि शेजारी ३ बाय १२ चा रनर घेतला की बरोबर १४४ होतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम सहसा या हिशोबात नसतात, तरी लीज नीट वाचा. सोफ्याखालची जागा मोजायची की नाही, हे मालकाला ईमेलवरच विचारा.

रगखालचं पॅड मात्र बघून घ्या. फेल्टचं (दाबून केलेल्या, नमद्यासारख्या जाड कापडाचं), किंवा फेल्टला खालून नैसर्गिक रबर लावलेलं, पाव इंच जाडीचं चालतं. चारही बाजूंनी रगपेक्षा इंचभर लहान कापा. पीव्हीसीची स्वस्त जाळी अजिबात नको. प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन तिच्यातून लाकडावरच्या पॉलियुरेथेनच्या संरक्षक थरात उतरतं, थर चिकट होतो आणि पिवळट नक्षी उमटते. ती पुसून जात नाही, थर घासून नवा द्यावा लागतो. आणखी एक: बरेच मालक नवा भाडेकरू यायच्या तोंडावर पॉलिश करून घेतात. कधी केलं आणि कशाने, हे विचारा. पाण्यावर आधारित थर असेल तर साधारण दोन आठवडे, तेलावर आधारित असेल तर महिनाभर रग अंथरू नका.

सही करण्याआधी जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीचं झाकण उचलून लाकडाची कड बघा. पाऊण इंचाची सलग फळी दिसली तर खरं हार्डवूड. वर पातळ लाकूड आणि खाली प्लायचे थर असतील तर इंजिनिअर्ड; त्यावर खोल ओरखडा पडला तर घासून काढायला फारसा वाव नसतो. सिंक, रेडिएटर आणि बाल्कनीच्या दाराजवळ काळे डाग किंवा कडा वर आलेल्या फळ्या दिसल्या तर तिथे पाणी मुरलंय असं समजा आणि गळती थांबवली का, ते विचारा. हिवाळ्यात फळ्यांमध्ये पडणाऱ्या बारीक फटींची काळजी नको. हीटरने हवा कोरडी होते, उन्हाळ्यात त्या मिटतात. घरातली आर्द्रता ३५ ते ५५ टक्के राहिली की पुरे.

बादली-फडक्याने पुसायची आपली सवय इथे सोडावी लागेल. आधी कचरा-वाळू झाडून घ्या, मग नीट पिळलेला मायक्रोफायबर मॉप फिरवा. स्टीम मॉप आणि व्हिनेगर दोन्ही टाळा. ओकच्या लाकडात टॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते ओल्या लोखंडाशी मिळून काळं पडतं. वरचा थर झिजलेल्या जागी ओला लोखंडी तवा किंवा कुंडीचा लोखंडी स्टँड राहिला तर काळा डाग आतपर्यंत जातो. रांगोळी थेट जमिनीवर नको, पाटावर काढा. तिचे खडे पायाखाली येऊन चरे पडतात. समईखाली मोठं ताट ठेवा. खलबत्ता ओट्यावरच वापरा, खालच्या शेजाऱ्यांसाठीसुद्धा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावा आणि त्यात माती रुतली की बदला.

न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांत ते व्याजासह, कपात केली असेल तर तिच्या तपशिलासह, परत द्यावं लागतं. (मालक स्वतः राहतो अशा दोन-तीन घरांच्या इमारतीत नियम वेगळे आहेत.) वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, पाण्याचे डाग आणि खोल ओरखडे मारता येतात. म्हणून सामान आणण्याआधी खिडकीकडून तिरप्या उजेडात प्रत्येक खोलीचे फोटो काढा, ओरखड्याशेजारी नाणं ठेवून आकार कळू द्या, आणि ते त्याच दिवशी मालकाला ईमेल करा.