जुन्या जिप्सीत धूर आणि पेट्रोलचा वास येतो, कुठलं सीलंट लावू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 1993ची सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी हूडची जिप्सी, मागचा पडदा गुंडाळून ठेवता तरी आत धूर येतो, टाकी फुल केली की पेट्रोलचा वास येतो, आई मागच्या बाकावर बसतात आणि घाट चढेपर्यंत त्यांचं डोकं धरतं. सीलंटचं खाली सांगतो. आधी तो पडदा लावा. पडदा उघडा असूनही धूर येतो असं तुम्हाला वाटतंय. तो उघडा आहे म्हणूनच येतो.

माझी 1994ची, थोरल्या भावाकडून घेतलेली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचेपर्यंत ती पांढरीफटक पडायची आणि बामणोलीला उतरली की रस्त्याच्या कडेला उलटी. घरात सगळ्यांनी एकच ठरवलं, पोरीला गाडी लागते. मग आवळा सुपारी झाली, लिंबू हुंगणं झालं, निघायच्या आधी उपाशी ठेवणं झालं. भाऊ म्हणायचा, पडदा वर करा, मोकळी हवा लागू दे तिला. आम्ही पडदा वर करायचो आणि ती आणखी मलूल व्हायची. अशी दोन वर्षं गेली. शेवटी तिने यायचंच बंद केलं. सगळ्यांसमोर उलटी होते याची तिला लाज वाटायची.

बायको पहिल्यापासून सांगत होती, "हिला एसटीत लागत नाही, मामाच्या गाडीत लागत नाही, आपल्याच गाडीत कशी लागते?" भावाचं उत्तर ठरलेलं: जुन्या गाडीला थोडा वास यायचाच, आपण नाही का जीपच्या मागे बसून वाढलो. मी भावाचं ऐकलं. ते अजून सलतं.

मग एका दिवाळीत भाऊ चालवायला बसला आणि मी मागे, तिच्या जागेवर. कास यायच्या आधीच कपाळाभोवती फडकं आवळून बांधल्यासारखं झालं. मला जन्मात कधी गाडी लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या विणकामातले लाल लोकरीचे चार तुकडे घेतले, वीतभर लांब, आणि हूडच्या मागच्या कमानीला बांधले. पडदा वर करून पन्नासच्या वेगाने गाडी नेली. दोरे बाहेर फडफडतील अशी माझी खात्री होती. आरशात बघितलं तर चारही दोरे आत वळलेले, टोकं माझ्याकडे. चौकोनी पाठीची गाडी पळताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि उघड्या पडद्यातून आत ओढला जातो. मागे बसलेलं माणूस तो आधी घेतं. त्यात माझा टेल पाइप कुणीतरी कापून आखूड केलेला, बंपरच्या आतच संपत होता.

रात्री गाडी अंधारात उभी केली, मॅट काढल्या, मुलाला टॉर्च घेऊन खाली सरकवलं आणि मी आत बसलो. गिअरच्या बुटाभोवती, म्हणजे दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणाभोवती, प्रकाशाची कड दिसली. क्लच केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि आतली जागा यांच्यामधला पत्रा) येते तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोक बुजवणारी रबरी कडी, गायबच होतं. मागच्या बाकाखाली, चाकाच्या वरच्या पत्र्यात, गंजाने पडलेली बारीक भोकं चांदण्यासारखी दिसत होती, मोजून अकरा. ही तपासणी फुकट आहे, आजच रात्री करा.

धूर मुळात कुठून गळतो ते पहाटे इंजिन थंड असताना बघा. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपाचं, पॅकिंग गेलं असेल तर सुरू करताच टिकटिक ऐकू येते, गरम झाल्यावर धातू फुगून ती बंदही होते, म्हणून गॅरेजवाल्याला दुपारी काही सापडत नाही. सांध्यापाशी काळी काजळी असते. मी पॅकिंग बदललं, टेल पाइप बंपरच्या बाहेर काढला, सडलेला पत्रा कापून नवा बसवला. पत्र्याच्या वेल्डिंगआधी टाकी उतरवून लांब ठेवली होती, यात आळस करू नका.

पेट्रोलच्या वासाचं कारण वेगळं. टाकी फुल असताना आणि वळणावर येतो म्हणजे भरायच्या नळीचं रबर, ब्रीदरची (टाकीतली हवा ये-जा करायची) नळी किंवा टाकीवरच्या फ्लोटचं (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) पॅकिंग. गाडी बंद केल्यावर पुढून येतो तो कार्बोरेटरचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, तीस वर्षांपूर्वीचं रबर त्याला टिकत नाही. नळ्या बघत बसू नका, सगळ्या बदला, इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या आणि क्लॅम्पही नवे लावा.

"पियुसी पास आहे, मग काय" हा भावाचा दुसरा मुद्दा. 31 मार्च 2000पर्यंत बनलेल्या पेट्रोल चारचाकीला पियुसीत सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू 3 टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे दहा लाख भागांत 30,000. हवेत तो 1,200 झाला की जिवाला तत्काळ धोका मानतात. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. हीच लक्षणं आपण गाडी लागण्याच्या खात्यात टाकतो.

भाऊ अजून म्हणतो, पोरगी वयाने सुधारली. वयाने नाही सुधारली. काम झाल्यावर पुढच्याच महिन्यात त्याच बाकावर बसून, त्याच घाटाने गेली आणि बामणोलीला उतरून दोन वडापाव खाल्ले. दीड वर्षाने मॅनिफोल्डचं पॅकिंग परत उडालं, तेव्हा आम्हाला कुणाला कळायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय, धूर बघा." तिचं रक्त आम्ही कधी तपासलं नाही, त्यामुळे कागदावर पुरावा नाही. मला तो लागतही नाही.

सीलंट: फ्लोअरच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचं बॉडी सीलंट लावा, गंज पूर्ण घासून प्रायमर मारल्यावर. सायलेन्सरच्या जवळ ते लावू नका, जळतं. भोकांवर एम-सील थापू नका, पत्रा हलला की सुटतं. ग्रोमेट आणि गिअरचा बूट नवेच बसवा.

मी फिटर नाही, एवढं लक्षात असू द्या. पडदा लावला की पुढचे व्हेंट उघडे आणि ब्लोअर सुरू ठेवा, नुसती मागची बाजू बंद करून भागत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवरचा मिळतो, मागच्या बाकापाशी लावा, पण त्याच्या भरवशावर गळती ठेवू नका. कुणाला गरगरलं तर इंजिन बंद, माणूस बाहेर, आणि दवाखान्यात धुराचं आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतो, त्याला हा फरक कळत नाही.

काम होईपर्यंत आईंना मागे बसवू नका. आणि त्यांना एसटीत डोकं दुखतं का, तेवढं विचारा.