वर्णभेदापायी आईवडिलांपासून तोडलेल्या मुलाचं पुढे काय होतं? नंतर घरी पाठवलं तर नुकसान भरून निघतं का?

माझ्या मते नाही. मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला राहतो, आणि नेमक्या याच प्रश्नाचा इथल्या कोर्टात कीस काढला गेलाय, म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियात साधारण 1910 ते 1970 या काळात आदिवासींची मुलं सरकारी अधिकारी आणि मिशनवाले घरातून उचलून नेत. उजळ रंगाच्या मुलांवर जास्त डोळा. गोऱ्यांत वाढली की गोऱ्यांत मिसळून जातील, असा हिशेब. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाचा अंदाज असा, की दर 10 मुलांतलं 1 ते दर 3 मुलांतलं 1 या दरम्यान मुलं अशी गेली.

त्यातलाच एक ब्रूस ट्रेव्हॉरो. कुटुंब मेनिंगी गावाबाहेर झोपडीत राहायचं. 1957 च्या नाताळात 13 महिन्यांच्या ब्रूसला जुलाब लागले. बापाकडे गाडी नव्हती, शेजाऱ्यांनी त्याला अ‍ॅडलेडच्या हॉस्पिटलात पोचवलं. पोर बरं झालं, आणि काही दिवसांतच एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकलं! आईबापांना विचारलं नाही, कोर्टाचा हुकूम नाही. काही महिन्यांनी आईने पत्र लिहिलं: बाळ कसं आहे, घरी कधी सोडणार? सरकारी उत्तर आलं, प्रगती चांगली आहे, पण डॉक्टरांना तो अजून उपचारासाठी हवाय. बाळ तेव्हा हॉस्पिटलात नव्हतंच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा गाभा. अशा मुलांची वाताहत झाली की लोक म्हणतात, गरिबीच होती, घरी राहूनही तेच झालं असतं. इथे मात्र ताडून पाहायला भावंडं होती. तीच झोपडी, तीच गरिबी, काळे म्हणून गावात मिळणारी वागणूकही तीच. ती आईबापांजवळ वाढली आणि आपापल्या पायावर उभी राहिली. भाऊ टॉम तर त्यांच्या न्गारिंजेरी या आदिवासी समाजाचा मोठा पुढारी झाला. ब्रूस लहानपणीच स्वतःचे केस उपटायला लागला होता. पुढे नैराश्य, दारू, कुठेच न टिकणारी नोकरी. मोठेपणी ब्रूसने राज्य सरकारवर दावा लावला, तेव्हा न्यायाधीशांनी ही तुलना निकालात घेतली. वंशभेद दोघांच्याही वाट्याला आला, पण टॉमच्या पाठीशी तो सोसलेली माणसं घरात होती. ब्रूसला तो कसा सोसायचा हे शिकवायला कुणीच नव्हतं. माझ्या लेखी खरा फरक इथे पडला.

त्याला घरी पाठवलं तेव्हा तो 10 वर्षांचा होता. तोवर बाप वारला होता. आई आणि भावंडं त्याला परकी, तो त्यांना परका. कसली तयारी नाही, मधे कुणी बोलणारं नाही; सामान पोचवावं तसं पोर पोचवलं. साधारण वर्षभरात तो पुन्हा सरकारी संस्थांमध्ये.

(हे सगळं 'तिकडचं' वाटत असेल तर सोलापूरची सेटलमेंट आठवा, 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायची वसाहत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात 1897 साली दुरुस्ती करून मुलं आईबापांपासून वेगळी काढायची सोय केली होती. तिथे रंगाऐवजी जन्माने मिळालेली जात पुरेशी होती, एवढंच.)

ऑगस्ट 2007 मध्ये कोर्टाने ब्रूसला 5,25,000 डॉलर भरपाई दिली. पुढच्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत या सगळ्या मुलांची माफी मागितली, आणि जूनमध्ये ब्रूस गेला, 51 व्या वर्षी. राज्य सरकार तरीही अपिलात गेलंच. मुख्य निकाल 2010 मध्ये तिथेही टिकला.

निकालपत्र इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. इंग्रजी आहे आणि भलतंच लांब आहे, पण आईचं पत्र आणि भावंडांचा भाग तेवढा काढून वाचा.