पीटीच्या तासाला मुलाला चिडवतात, संघात घेत नाहीत. शिक्षकांना नेमकं काय सांगावं?

मुलगा प्राथमिकला आहे, म्हणजे अजून बरंच काही शिक्षकांच्या हातात आहे. फक्त ‘जरा लक्ष ठेवा’ एवढंच सांगून येऊ नका. तास कसा घेतला जातो, त्यात बदल मागा.

पहिली मागणी संघ पाडण्याची. दोन कप्तान उभे करून एकेक भिडू निवडायला लावलं की शेवटी उरलेल्यावरून ‘तुम्ही घ्या, नको तुम्हीच घ्या’ सुरू होतं आणि ते पोर कायमचं कच्चं लिंबू ठरतं. संघ शिक्षकांनी आधीच कागदावर लिहून आणावेत, ३-४ जणांचे. एक-दोन, एक-दोन मोजायला लावणंही फसतं, कारण मुलं रांगेत गुपचूप जागा बदलून मित्राच्या संघात जातात.

दुसरी, बाद होण्याच्या खेळांची. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिला बाहेर बसतो आणि बाहेर बसलेल्यांतच टोमणे सुरू होतात. बाद झालेल्याने बाजूला १० उड्या मारून परत खेळात यावं, एवढा नियम पुरतो. रिलेत शेवटचा एकटा धावताना सगळा वर्ग त्याच्याकडे बघत असतो. तिथे ठरावीक वेळेत संघाने मिळून किती फेऱ्या केल्या ते मोजावं.

खरा त्रास मात्र बहुतेकदा खेळात नसतोच. बूट घालताना, पाण्याच्या नळावर, साहित्य आणताना, मैदानाकडे जाताना रांगेच्या शेपटाला तो होतो, कारण शिक्षक पुढे चालतात. त्यांनी मागून चालावं. मैदानातही मधोमध नको, कडेला उभं राहावं, म्हणजे कोणीच पाठीमागे राहत नाही.

कोणी चिडवलं तर तिथल्या तिथे एका वाक्यात थांबवावं, सविस्तर बोलणं नंतर, दोघांशी वेगवेगळं. सगळ्यांसमोर ‘हात मिळवा’ करायला लावलं की दबलेलं मूल आणखी दबतं. चिडवणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं तर साफ चूक: व्यायाम ही शिक्षा ठरते आणि राग निघतो तुमच्या मुलावर.

घरी ‘कोणी त्रास दिला का?’ विचारलंत तर ‘नाही’च येईल. ‘आज कोणता खेळ होता? तुझ्या संघात कोण होतं? पाणी प्यायला कोणाबरोबर गेलास?’ असं विचारा. दोन आठवडे वार, खेळ, जागा आणि वापरलेले शब्द टिपून ठेवा; नेमकी पीटीच्याच दिवशी पोटदुखी होत असेल तर तेही. तो कागद घेऊन पीटीच्या आणि वर्गाच्या शिक्षकांना एकत्र भेटा. तासाला न जाण्याची चिठ्ठी मात्र देऊ नका. खेळ सुटला की मूल आणखी मागे पडतं, आणि चिडवायला नवं कारण मिळतं.