जलरंगात 'लूज' चित्र काढायला नवशिक्यांनी सुरुवात कशी करावी?

तुमची तक्रार अशी की चित्र रंगवहीत रंग भरल्यासारखं होतं, पानं आणि विटा एकेक काढल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मोकळं काढायला गेलं की नुसता राडा होतो. शिवाय मास्किंग फ्लुइड (पांढरी राखायची जागा झाकायला लावतात आणि नंतर ओढून काढतात ते द्रव) घ्यावं का, असंही विचारलंय. ते शेवटी सांगतो. मी पोटापाण्यासाठी चित्रं काढत नाही, पण जलरंग बरीच वर्षं करतोय आणि शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे कागदही पाहतो. त्यामुळे ही दुखणी ओळखीची आहेत.

लूज म्हणजे मोकळं, बारकावे गाळून काढलेलं चित्र. पण लूज म्हणजे हात झरझर चालवणं, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं, आणि त्याला व्हिडिओ कारणीभूत आहेत. चित्रकार ब्रश फिरवतो, दोन मिनिटांत अख्खा रस्ता उभा राहतो. ब्रश उचलायच्या आधी त्यानं काय काय गाळायचं ठरवलंय, ते व्हिडिओत दिसत नाही. हात पटापट चालतो कारण ठरवाठरवी आधीच झालेली असते. काही न ठरवता तसाच हात चालवला की राडा होणारच. माझ्या मते लूज काम दोन गोष्टींवर उभं राहतं. काय सोडायचं हे आधी ठरवणं ही एक. दुसरी म्हणजे कागदावर पाणी किती आणि ब्रशमध्ये किती, हे कळणं.

ड्रॉइंग कच्चं असलं तरी लूजमध्ये खपून जातं, हाही गैरसमजच. जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) या चित्रकाराची जलरंगचित्रं बघा. ब्रुकलिन म्युझियमनं १९०९ मध्ये त्याची ८३ चित्रं एकदम विकत घेतली होती. लांबून वाटतं, पाणी ओतलं आणि चित्र झालं. जवळून पाहिलं तर कित्येक ठिकाणी रंगाखाली पेन्सिलीच्या रेषा दिसतात आणि प्रमाणं चोख असतात. तुम्हीही पेन्सिलीनं जागा नीट बांधून घ्या, फक्त प्रत्येक वस्तूची बंद बाह्यरेषा काढू नका. बंद रेषा दिसली की हात तिच्या आत रंग भरायला लागतो, आणि तुमची 'रंगवही' तिथूनच सुरू होते. खोडरबरही जपून वापरा. खसाखसा घासलं की कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच मुरू न देणारा लेप) निघतं आणि नेमक्या त्या जागी रंग डागासारखा बसतो.

आता काय सोडायचं ते कसं ठरवायचं? टेबलावर एक पांढरा कप ठेवा, डावीकडून उजेड येऊ द्या. नवशिक्या आधी कप रंगवतो, तो वाळू देतो, मग सावली रंगवतो, मग टेबल. तीन वस्तू, तीन वेगळे तुकडे. त्याऐवजी डोळे बारीक करून बघा. कपाची उजवीकडची काळोखी बाजू आणि टेबलावर पडलेली सावली एकमेकींत मिसळून गेलेली दिसेल, मधली सीमा जवळजवळ नाहीच. मग ती दोन्ही मिळून एकच पॅच समजा. कपाच्या कानाजवळून (दांडीजवळून) ब्रश टेकवा, कपाच्या कडेनं खाली या आणि न उचलता सावलीत शिरा. वर कपावर असताना रंग थोडा निळसर ठेवा. टेबलावर आलात की त्याच ओल्या पॅचमध्ये थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) सोडा, तो आपोआप पसरेल. कपाची डावी बाजू कोराच कागद. तिला रेषसुद्धा नको. मागची भिंत फिकी असेल तर कप आणि भिंत तिथं एकमेकांत हरवू द्या. बघणाऱ्याला अख्खा कप दिसतो, तुम्ही मात्र त्याचा अर्धाच भाग रंगवलेला असतो.

झाडाचंही हेच. पानं मोजायची नाहीत. उजेडाकडचा झुबका एक, सावलीतला एक, आणि मध्ये आभाळाची दोन-चार भोकं. पानांचा आकार फक्त कडेला, चार ठिकाणी ब्रशचं टोक टेकवून दाखवायचा. भिंतीतल्या विटा पाच-सहाच, त्याही उजेड आणि सावली जिथं भेटतात तिथं. बाकीच्या बघणारा स्वतः भरून घेतो.

हे जमायला मोठ्या चित्राआधी बोटभर लांबीचं स्केच करा, पेन्सिलीनं, तीनच टोनमध्ये: कोरा कागद, मधला राखाडी, गडद. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. त्या चिमुकल्या स्केचमध्ये चित्र कळत नसेल तर मोठ्या कागदावरही कळणार नाही.

आता पाणी. इथं जरा रेंगाळतो, कारण नव्वद टक्के राडा इथंच होतो.

कागदावर वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिला की तो तीन-चार अवस्थांतून जातो. आधी पाणी तळ्यासारखं साचून चमकतं. मग तळं मुरतं, पण पृष्ठभाग अजून चकचकीत असतो. मग चकाकी जाऊन मंद, साटीनसारखी झाक उरते. शेवटी झाक जाते, कागद कोरडा दिसतो, तरी हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो, म्हणजे आतून ओला आहे. हे वरून बघून कळत नाही. मान खाली घालून, डोळा कागदाच्या पातळीला आणून, खिडकीच्या दिशेनं तिरकं बघायचं. ही सवय लावून घ्या, एरवी कितीही सल्ले वाचले तरी उपयोग नाही.

चकचकीत असताना सोडलेला रंग पसरतो आणि कडा विरून जातात. आभाळ, धुकं, लांबचे डोंगर यांच्यासाठी ही वेळ. मंद झाक आली की तोच रंग थोडाच पसरतो, आकार राहतो पण कड मऊ होते. लांबची झाडं इथं टाकावीत, मात्र दाट रंगानं. कारण याच वेळी पाणीदार ब्रश टेकवला तर नवं पाणी अर्धवट वाळलेला रंग ढकलत बाहेर नेतं आणि फुलकोबीच्या आकाराचा, दातेरी कडेचा डाग तयार होतो. त्यासाठी एकच नियम पुरतो: चकाकी गेल्यावर ब्रशमधला रंग कागदावरच्या रंगापेक्षा दाटच हवा. आणि कागद गार पण कोरडा दिसतोय त्या वेळी काहीही करायचं नाही. उठा, पाणी बदला. हेअर ड्रायरचा मला तिटकारा आहे. ओल्या वॉशवर तो मारला की हवा रंग एका बाजूला ढकलते, आणि अल्ट्रामरीनसारख्या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत सावकाश बसून जो सुंदर दाणेदारपणा येतो, तो येत नाही. वापरायचाच तर चकाकी पूर्ण गेल्यावर, लांबून.

रंग किती दाट आहे ते पॅलेट तिरकं करून कळतं. लगेच वाहत गेला तर पहिल्या फिक्या वॉशचा. सावकाश ओघळला तर मधल्या टोनचा. जागेवरच बसून राहिला तर शेवटच्या गडद जागांचा. नवशिक्यांची चित्रं फिकी आणि धुतल्यासारखी दिसतात, कारण तिन्ही वेळा ते पहिलाच रंग वापरतात. त्यात जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना 'अरे बापरे, फार गडद झालं' असं वाटायला हवं, मग वाळल्यावर बरोबर येतं.

पाण्याच्या भांड्याशेजारी घडी घातलेलं जुनं सुती फडकं ठेवा. ब्रश रंगात बुडवल्यावर त्याचं टोक पुसायचं नाही. केस जिथं धातूच्या पट्टीत शिरतात ती जागा फडक्याला टेकवायची. जादा पाणी तिथून निघून जातं आणि टोकातला रंग तसाच राहतो. एवढ्या एका गोष्टीनं निम्मे डाग कमी होतात.

कागदाबाबत काटकसर करू नका, बाकी सगळ्यात करा. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर पाणी भराभर शोषलं जातं किंवा वरच तरंगत राहतं, आणि मऊ कडा जमवायला वेळच मिळत नाही. मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. १०० टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत) कागद घ्या. महाग आहे, म्हणून तुकडे करा: २२ × ३० इंचांच्या पूर्ण शीटचे आठ केले तर प्रत्येक साधारण साडेसात बाय अकरा इंचांचा होतो, आणि पाठची बाजूही वापरता येते. बोर्डवर चारही बाजूंनी टेप लावा आणि बोर्डखाली एखादं जाड पुस्तक सरकवा. उतार असला की ओघळ खाली येत राहतो, वॉश एकसारखा बसतो. सपाट टेबलावर कागद फुगतो आणि खळग्यांत पाणी साचून राहतं.

ब्रश दोन पुरेत, १० किंवा १२ नंबरचा, टोक चांगलं येणारा राउंड (गोल ब्रश) आणि एक मोठा मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश). सिंथेटिक चालतो. बारीक ब्रश ड्रॉवरमध्ये ठेवा, शेवटच्या पाच मिनिटांसाठी. तो हातात असला की तुम्ही विटा मोजणारच. ब्रश पेनासारखा पुढून धरू नका, दांड्याच्या मागच्या भागात धरा आणि शक्यतो उभं राहून काढा. मनगटाऐवजी खांदा हलतो.

रंगही पाच-सहा बस: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लेमन यलो, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, हवा तर थॅलो ब्लू. थॅलो जरा बेतानं, तो कागदाला धरून बसतो आणि नंतर उचलता येत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पातळ केले की सुरेख राखाडी मिळतो, दाट केले की जवळजवळ काळा. काळी ट्यूब लागतच नाही. ट्यूबचा रंग पॅलेटवर सढळ हातानं काढा, दाण्याएवढा रंग काढून गडद टोन येत नाही. आणि पॅलेटमध्ये रंग पूर्ण घोटू नका. अर्धवट मिसळलेला उचला, उरलेलं मिसळणं कागदावर होऊ द्या. चित्र मळतं ते बहुतेक वेळा तीन-चार रंग एकत्र घोटल्यामुळे, नाहीतर अर्धवट ओल्या जागी पुन्हा पुन्हा ब्रश घासल्यामुळे. एका जागी एक स्ट्रोक, फार तर दोन. आवडला नाही तरी वाळेपर्यंत सोडून द्या. वाळल्यावर तो बरेचदा चांगला निघतो.

कडांबद्दल एवढंच ध्यानात ठेवा की सगळ्या कडा धारदार असतील तर चित्र कातरकाम वाटतं, आणि सगळ्या मऊ असतील तर चष्मा हरवल्यासारखं. नजर जिथं जायला हवी तिथंच धारदार कड आणि सर्वांत जास्त गडद-फिकट विरोध ठेवा. कड मऊ करायची तर स्वच्छ, नुसता ओलसर ब्रश कडेच्या शेजारच्या कोरड्या भागातून फिरवा आणि हळूच कडेला भिडवा. थेट कडेवर घासलात तर रंग उचलला जाईल.

सरावासाठी लोक घड्याळ लावायला सांगतात, दहा मिनिटांत चित्र संपवा म्हणून. मला ते पटत नाही. घड्याळ लावलं की माणूस घाबरतो आणि त्याच जुन्या सवयी दुप्पट वेगानं करतो. त्यापेक्षा स्ट्रोक मोजा. तोच कप २५ स्ट्रोकमध्ये काढा, वेळ लागेल तेवढा घ्या. मग १५ मध्ये. मग ८ मध्ये. स्ट्रोक कमी झाले की प्रत्येकाआधी विचार करावाच लागतो, मोठा ब्रश घ्यावाच लागतो, दोन पॅच जोडावेच लागतात. एकाच कागदावर चार चौकटी टेपनं पाडून एकच विषय चारदा केला तर फरक शेजारीशेजारी दिसतो. आणि मोकळं दिसावं म्हणून शेवटी रंगाचे शिंतोडे उडवू नका. घट्ट चित्रावर शिंतोडे उडवले तर ते शिंतोडे उडालेलं घट्ट चित्रच राहतं.

राहिलं मास्किंग फ्लुइड. सध्या घेऊ नका. ते काढल्यावर जी पांढरी जागा उरते, तिच्या चारही कडा सारख्याच धारदार असतात आणि ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. तुमची मूळ तक्रार तीच आहे. मोठे पांढरे भाग ब्रशनं वळसा घालून सोडायला शिका. केसाएवढी चमक, तार किंवा पाण्यावरचा ठिपका हवा असेल तर शेवटी पांढऱ्या गुआशचा (अपारदर्शक जलरंगाचा) एक ठिपका द्या. त्यात कमीपणा नाही, सार्जंटही अपारदर्शक पांढरा बिनदिक्कत वापरायचा. बाटली आधीच आणली असेल तर चांगल्या ब्रशला ती लावू नका. जुना ब्रश साबणात बुडवून मगच फ्लुइडमध्ये घाला, नाहीतर त्याचे केस चिकटून कायमचे जातील. आणि कागद खडखडीत वाळल्याशिवाय फ्लुइड ओढू नका, कागदाचा पापुद्रा निघून येतो.