मुलाला फुलपाखरं जमवायची आहेत, सुरुवात कशी करावी?

पकडून टाचणीला लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कित्येक जाती संरक्षित आहेत, आणि कोणती आहे ते घरबसल्या ओळखणं सोपं नाही. त्यापेक्षा कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नका हं, ती बहुधा फुलपाखराची अळी असते! मोठी झाली की हिरवी होते. हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. मुलं हे बघून अक्षरशः हरखतात. पुढे कोष, मग फुलपाखरू. रोज तारीख घालून वहीत चित्र काढायला लावा. रुईच्या झाडावरही नक्की शोधा, फक्त तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.