कॅलरी मोजताना वाटी-चमच्याचा अंदाज चालतो का, की वजनकाटाच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने ॲपमध्ये "दोन भाकरी, एक वाटी भाजी" असं नोंदवताय, हिशोबाप्रमाणे वजन उतरायला हवं, पण उतरत नाही. मेसच्या डब्याचं कसं मोजायचं तेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "सुट्टीत घरी गेल्यावर काटा काढला तर आईला वाईट वाटेल का?" त्या शेवटच्या ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले.

काटा घ्या. पाच किलोपर्यंत तोलणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल. पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो.

वाटी हे माप नाही, भांडं आहे. माझ्या घरातल्या तीन वाट्या मी पाणी भरून तोलल्या. रुखवतात आलेल्या वाटीत ११० ग्रॅम पाणी बसलं, रोजच्या वाटीत १६५ आणि सासऱ्यांच्या जुन्या वाटीत २१०. घरात तिन्हींना वाटीच म्हणतात. धाकटीच्या बाळंतपणानंतर माझं वजन ८४ किलो झालं होतं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) ६.२ टक्के आली होती आणि माझ्या आईचे साखरेनं झालेले हाल मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी मी आठ महिने वाटीच्या भरवशावर काढले. एक किलोसुद्धा हललं नाही.

भाकरीचंच बघा. ॲप म्हणतं एका भाकरीत ११० कॅलरी. कुणाच्या हातची भाकरी? आमच्या लातूरकडची भाकरी ताटाच्या काठाला टेकते. एके दिवशी मी पिठाचा डबाच काट्यावर ठेवला, काटा शून्य केला आणि भाकरीपुरतं पीठ काढलं. जेवढं काढाल तेवढं काटा उणे दाखवतो. थापून झाल्यावर परातीत उरलेलं पीठ परत डब्यात टाकलं. पाच भाकरींना ३९० ग्रॅम गेलं होतं, म्हणजे भाकरीला ७८. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३३५च्या आसपास कॅलरी धरा, एक भाकरी २६०ची झाली. मी दोन खात होते आणि २२० लिहीत होते. खरा आकडा ५२०. एका वेळच्या जेवणात तीनशेची चूक, तीही मन लावून नोंदी ठेवणाऱ्या बाईची! भाजलेली भाकरी तोलून उपयोग नाही, पाणी कुणाच्या भाकरीत जास्त राहतं कुणाच्या कमी. पीठ तोला. तांदळाचंही तेच. कच्चा तांदूळ शिजून अडीच-तीनपट होतो, त्यामुळे भाताचं वजन तांदळाच्या नावानं लिहिलं की हिशोब बुडाला. आकडे ॲपमधून घेण्यापेक्षा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते बघा. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ने भागलं की कॅलरी मिळते.

तेलाला ग्रॅममागे ९ कॅलरी. पिशवीवर बघा, १ लिटरच्या शेजारी ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. फोडणीच्या आधी बरणी तोला, नंतर तोला. आमची एक पळी २८ ग्रॅमची निघाली, म्हणजे अडीचशे कॅलरी. शेंगदाण्याची चटणी आपण तोंडी लावणं म्हणून मोजतही नाही, पण नुसत्या २० ग्रॅम दाण्यांत ११०च्या आसपास असतात.

आता घरच्यांचं सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, चौतीस वर्षं आडतीवर मापाडी होते. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळा माल त्यांच्या हातून तोलला गेला. किलोभर इकडं नाही, तिकडं नाही. मी घरी पहिल्यांदा भाजी तोलत होते तेव्हा तेच मागं उभे राहिले. "काय करूलालीस गं?" सांगितलं. त्यांनी काट्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कढईसकट तोललीस का? बारदाना आधी वजा कर की." मी खरंच विसरले होते. रिकामी कढई आधी ठेवून काटा शून्य करायचा, मग आतला माल, हे मला मामांनी शिकवलं. तुम्हीही डब्याचं, ताटाचं असंच करा. त्या दिवशी वाटलं, या घरात एका माणसाला तरी कळलं मी काय करतेय.

जानेवारी २०२४ची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही, गाव सगळं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पांडवांची पूजा, आंबील, खीर, उंडे आणि भज्जी, म्हणजे ओले दाणे नि पालेभाज्यांचं बेसन लावलेलं कालवण. ॲपमध्ये भज्जी शोधली की तळलेली भजी येतात, म्हणून मी पहाटे सगळं कच्चं तोलून घेतलं होतं. बेसन अर्धा किलो, तेल पाव किलो, दाणे २०० ग्रॅम, तूर-वाटाणा-हरभऱ्याचे ओले दाणे मिळून दीड किलो, पालेभाज्या किलोभर. बेरीज ६,९००च्या आसपास आली. शिजल्यावर दोन खेपांत तोलली, पातेली वजा जाता ६ किलो २००. म्हणजे १०० ग्रॅमला १११. घरच्या कुठल्याही कालवणाचं असंच करायचं, कच्च्याची बेरीज आणि शिजलेल्याचं वजन. यापेक्षा वेगळी युक्ती नाही.

कोपीपुढं पंगत बसली. बावीस माणसं. सगळ्यांना मीच वाढलं, पोटभर, आग्रह करकरून. शेवटी माझं ताट घेतलं, पिशवीतून काटा काढला आणि भज्जी वाढून घेऊ लागले. चुलत दीर म्हणाले, "वहिनी, आमालाबी तोलूनच वाढलं का?" हशा पिकला. तेवढं मी सोसलं असतं. पण मामा पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "पोरी, सोयाबीन हाय का ते? लक्ष्मी पुढं आली की तोलत नसतेत. तोललं की बरकत जाती. ठिव ते आत."

मी काटा पिशवीत घातला. डोळे भरून आले होते. आंबिलीचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. हे शेजारीच बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. मामांपेक्षा त्याचं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काटा परत ओट्यावर ठेवला, तो आजही तिथंच आहे. चौदा महिन्यांत मी ८४वरून ७३वर आले. मामा अजून काट्याकडं बघत नाहीत.

मेसच्या डब्यात घरच्याइतकं अचूक जमणार नाही, तेल कुणी किती घातलं ते तुम्हाला दिसत नाही. तिथं कच्चं हाती येत नाही, म्हणून भात आणि पोळ्या तयारच तोला नि शिजलेल्याच्याच नावानं लिहा, रश्शावरची तर्री काढून टाका, भाजीच्या अंदाजात थोडं वरच धरा. पाच-दहा ग्रॅमच्या फरकासाठी जीव टाकू नका. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही. लेकरांचं ताट कधीच तोलू नये. घासाघासाला आकडा दिसायला लागला, जेवायची भीती वाटायला लागली, तर काटा कपाटात ठेवा आणि डॉक्टरांशी बोला.

आता तुमच्या आईचं. वाईट वाटेल. तरी काटा घेऊन जा. तिनं केलेलं सगळं खा, फक्त तिला सांगा की माझं ताट मी तोलतोय, तुझा हात नाही. जमलं तर तिलाच पीठ तोलायला बसवा.

आणि जुन्या काळी कुणी मोजत नव्हतं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आमच्याच माळ्यावर पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, सगळी मापं पडून आहेत. मामांच्या आई कणगीतून रोजचं दळण मापट्यानं काढायच्या, हे मामांनीच सांगितलेलं. मोजलं म्हणून तर वर्षभर पुरायचं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मामांनी चौतीस वर्षं लोकांच्या धान्याला पहिला शब्द तोच म्हटला. मग माझ्या एका ताटाला तोललं की बरकत कशी जाते, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.